सफरचंदाची साल

१९४९ साली शोचिकू कंपनीच्या ओफुनातल्या स्टुडिओत एका नटाने दिग्दर्शकाला नकार दिला. ‘लेट स्प्रिंग’चा शेवटचा प्रसंग होता. मुलीचं लग्न लावून बाप घरी परतलाय, घरात आता दुसरं कुणी नाही. तो खुर्चीत बसतो, सफरचंद हातात घेतो, सोलायला लागतो. साल न तुटता लांबच लांब लोंबत जाते. मध्येच हात थांबतो, साल गळून पडते. ती पडताक्षणी बापाने हंबरडा फोडायचा, असं यासुजिरो ओझूंनी सांगितलं होतं. चिशू र्‍यूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे काही माझ्याच्याने व्हायचं नाही. ओझूंनी वाद घातला नाही. पडद्यावर आज दिसतं ते एवढंच, की मान हळूहळू खाली जाते. मग समुद्र, किनाऱ्याला येणाऱ्या लाटा आणि चित्रपट संपतो.

हा किस्सा र्‍यूंनी स्वतःच सांगितलेला आहे. ओझूंसमोर आपण ‘जमणार नाही’ म्हटलं ते हे एवढं एकदाच, असंही ते सांगत. जपानी चित्रपटांवर प्रेम करणाऱ्यांच्या गप्पांत तो कौतुकाने सांगितला जातो: बघा, नटाला दिग्दर्शकापेक्षा जास्त कळलं! कौतुक ठीक आहे, पण खटकतं ते ओझूंचं गप्प बसणं. टेबलावरची बिअरची बाटली कुठे असावी हेसुद्धा कॅमेऱ्यातून पाहून ठरवणारा हा माणूस. र्‍यूंनीच लिहून ठेवलंय की एका शॉटसाठी आपण वीसहून जास्त वेळा तेच ते केलं आणि तरी त्यांच्या मनातलं उतरलं नाही. तो माणूस चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगात एका नकारावर मुकाट्याने का थांबला असेल?

र्‍यूंनी दिलेलं कारण साधं होतं. मेजी काळात, म्हणजे सम्राट मेजींच्या जुन्या राजवटीत, जन्मलेला पुरुष रडत नाही, आपल्याला तसंच वाढवलंय. १३ मे १९०४ ला क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतात, तामामिझू नावाच्या खेड्यातल्या बौद्ध मंदिरात त्यांचा जन्म झाला. वडील तिथले पुरोहित. चिशू र्‍यू हे नाव ऐकायला नटाने मुद्दाम घेतल्यासारखं वाटतं, पण ते जन्माचंच. मंदिर पुढे चालवायचं तर शिक्षण हवं, म्हणून मुलगा टोकियोच्या तोयो विद्यापीठात गेला आणि विषय घेतला भारतीय तत्त्वज्ञान. आपल्या वाचकांना हे वाचून उगीचच जवळीक वाटेल, पण फार हुरळायला नको. तो अभ्यास त्यांनी अर्ध्यावर सोडला. १९२५ मध्ये शोचिकूच्या कामाता स्टुडिओने होतकरू नटांची पहिली तुकडी भरती केली, त्यात ते शिरले. पुढे वडील गेल्यावर गावी परतावं लागलं, पण मंदिराची गादी भावावर सोपवून ते पुन्हा कामाताला आले. मंदिर सोडून आलेल्या या माणसाला आयुष्याच्या शेवटच्या तेवीस वर्षांत जपानने प्रामुख्याने पुरोहिताच्याच वेशात पाहिलं, ती गंमत पुढे येईलच.

आले खरे, पण काम कुठे होतं? स्टुडिओत बिननावाच्या नटांच्या जागेला ‘ओबेया’ म्हणत, शब्दशः मोठी खोली. सगळ्यांनी एकत्र कपडे बदलायचे, बोलावणं आलं की जायचं. दुकानातलं गिऱ्हाईक व्हायचं, वर्गातला मागच्या बाकावरचा विद्यार्थी व्हायचं, घोळक्यातला पाचवा माणूस व्हायचं. या खोलीत र्‍यूंची दहा वर्षं गेली. १९२८ मध्ये ओझूंच्या चित्रपटात ते पहिल्यांदा दिसले, आणि तिथून ओझूंच्या पन्नासहून अधिक चित्रपटांपैकी बहुतेकांत कुठे ना कुठे आहेत. सुरुवातीचे काही प्रिंटच उरले नाहीत. जे उरलेत, त्यांत त्यांना शोधायला चित्रपट थांबवत थांबवत पाहावा लागतो.

त्यात बोलपट आले. जपानमध्ये बोलपटांची सुरुवात १९३१ ची, तीही याच कामातामधून. उंच, हाडापेराने मजबूत, चेहऱ्याने देखण्या तरुणाचं नशीब उजळायला खरं तर हीच वेळ. पण तोंड उघडलं की कुमामोतो ऐकू यायचं. क्युशूचे हेल काही केल्या जाईनात, आणि ते अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत गेले नाहीत. शहरी प्रेमवीर म्हणून हा आवाज उभा राहणं शक्य नव्हतं. मग या आवाजाला शोभेल असा माणूस कोण? मास्तर, बाप, म्हातारा.

१९३६ हे वळण. ओझूंच्या पहिल्या बोलपटात, ‘द ओन्ली सन’मध्ये, र्‍यू ओकुबो नावाचे शाळामास्तर झाले. खेड्यातला उमेदीचा शिक्षक मोठ्या आशेने टोकियोला जातो आणि वर्षांनंतर विद्यार्थ्याला भेटतो तेव्हा तळलेल्या तोन्कात्सूचं दुकान चालवत असतो. र्‍यू तेव्हा बत्तीस वर्षांचे. कढईपाशी उभ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर पराभवाचं दुःख नाही, थोडी लाज आहे आणि बरीचशी सवय आहे. नटाला पुढच्या सत्तावन्न वर्षांत जे करायचं होतं, त्याचा ऐवज त्या दुकानातच आहे.

म्हातारा उभा कसा करायचा हा मुद्दा मग निकराचा झाला. तरुण नटाला म्हातारा करायचा म्हटलं की आपल्याकडे आधी काठी येते, मग खोकला, मग थरथरता हात. पांढऱ्या केसांची पावडर खांद्यावर सांडते ती वेगळीच. र्‍यूंच्या म्हाताऱ्यांत यातलं जवळपास काही नसतं. केस पिकवले, मिशी लावली, तेवढं रंगभूषेचं झालं. पुढचं सगळं वय कमरेतून येतं. ओझूंचा १९५३ चा ‘टोकियो स्टोरी’ पाहताना त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता नुसतं बसण्याकडे पाहावं. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, बसताना कंबर आधी मागे कलते, त्यामुळे पाठीला आपसूक बाक येतो. खांदे मुद्दाम पुढे ओढले की ती नक्कल होते. खांद्यांना त्यांनी काही केलेलंच नाही. हात मांड्यांवर नुसते ठेवलेले, आधार घेतल्यासारखे नाहीत. समोरचा बोलतो, त्यावर हुंकार येतो तो अर्ध्या क्षणाने उशिरा, आणि हुंकाराच्या आधी हसू येतं. हा क्रम महत्त्वाचा. तरुण माणूस आधी बोलतो, मग हसतो. म्हातारा आधी हसून वेळ काढतो, कारण ऐकलेलं नीट पोचायला त्याला तेवढा वेळ लागतो, आणि न पोचलं तरी हसण्याने भागतं.

त्या चित्रपटाची सुरुवातच बघा. म्हातारं जोडपं टोकियोतल्या मुलांकडे निघालंय, ओनोमिचीच्या घरात प्रवासाची बांधाबांध चाललीय. फुगवायची हवेची उशी सापडत नाही. नवरा म्हणतो, तुझ्याकडे दिली होती. बायको म्हणते, माझ्याकडे नाही. थोड्या वेळाने ती त्याच्याच सामानात निघते. इथे कुणीही नट ओशाळला असता, जीभ चावली असती, बायकोकडे चोरून पाहिलं असतं. र्‍यू ‘सापडली’ एवढंच सांगतात, जणू शोधणारे दुसरेच कुणी होते. चाळीस वर्षांचा संसार या एका न ओशाळण्यात आहे.

हे काम करताना र्‍यू एकोणपन्नास वर्षांचे होते आणि पात्र सत्तरीचं. थोरला मुलगा झालेले सो यामामुरा त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. फटकळ थोरली मुलगी झालेल्या हारुको सुगिमुरा याही जेमतेम काही वर्षांनीच धाकट्या, आणि ‘लेट स्प्रिंग’मध्ये त्याच त्यांची बहीण होत्या. बायको झालेल्या चिएको हिगाशियामांचा जन्म १८९० चा, म्हणजे ‘नवऱ्या’हून चौदा वर्षांनी मोठ्या. त्याहून मजा म्हणजे दोनच वर्षं आधी, १९५१ च्या ‘अर्ली समर’मध्ये, याच हिगाशियामा त्यांची आई होत्या. आणि बाप झालेले इचिरो सुगाई र्‍यूंपेक्षा तीन वर्षांनी लहान! सेत्सुको हारा १९४९ मध्ये मुलगी, ५१ मध्ये बहीण, ५३ मध्ये विधवा सून. एकाच कुटुंबाने दर दोन वर्षांनी आपापसांत नाती बदलून घ्यावीत तसं हे चाललेलं. ‘देअर वॉज अ फादर’ हा १९४२ चा, र्‍यूंची पहिली मोठी मध्यवर्ती भूमिका असलेला ओझूंचा चित्रपट. त्यात मुलगा झालेले शूजी सानो बापाहून फक्त आठ वर्षांनी लहान होते. बाप-लेक नदीत उभे राहून गळ टाकतात, दोघांचे हात एकाच लयीत वर जातात, एकाच लयीत प्रवाहाबरोबर सरकतात. त्या लयीपुढे आठ वर्षांचा हिशेब कुणाच्या लक्षात राहत नाही.

पण ही लय सुखासुखी येत नसे. ओझूंचा कॅमेरा जमिनीलगत, तातामीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली. त्यासाठी छायाचित्रकार यूहारू आत्सुता बुटकं स्टँड वापरत, त्याला म्हणायचेच ‘खेकडा’. लेन्स जवळजवळ नेहमी ५० मिलिमीटरची. कॅमेरा हलणार नाही. अशा चौकटीत नटाची मोठी पंचाईत होते. भावनेच्या भरात माणूस पुढे झुकतो, आणि इतक्या खालून पाहणाऱ्या कॅमेऱ्यासमोर वीतभर झुकलात तरी डोकं भलतंच मोठं दिसतं, मागच्या शोजीच्या, म्हणजे सरकत्या कागदी दारांच्या, सरळ रेषा मोडतात, शेजारी बसलेल्याशी जुळलेला कोन बिघडतो. म्हणजे बसल्या जागेवरून हलायचं नाही आणि तरी जिवंत राहायचं. समोरासमोरच्या संवादात पाहायचं ते जवळपास कॅमेऱ्यातच, समोरच्या नटाच्या डोळ्यांत नाही. सहकाऱ्याच्या नजरेतून प्रतिक्रिया उचलायची सवय असलेल्यांचे इथे हाल होत. र्‍यूंना ते सोपं गेलं, कारण घोळक्यातल्या पाचव्या माणसाकडे दहा वर्षांत पाहिलं कुणी होतं? तुझ्या अभिनयापेक्षा मला चौकट महत्त्वाची, असं ओझूंनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. दुसरा कुणी दुखावला असता. र्‍यूंनी ते शिकवणीसारखं घेतलं. ओझू चित्र काढतात आणि आपण त्यातला रंग, असं त्यांनी नंतर लिहिलं. हा काही कसबी नट नाही, म्हणूनच मी त्याला घेतो, असं ओझू म्हणाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यावर त्यांचा शेरा असा की ते अगदी खरं आहे.

मला हा शेरा पूर्णपणे पटत नाही.

कसब नसलेला माणूस गप्प बसला की नुसता गप्प बसलेला दिसतो. पण ‘टोकियो स्टोरी’त बायको गेल्यानंतरच्या पहाटे म्हातारा घराबाहेर जाऊन उभा राहतो, सून शोधत येते, आणि तो पहाट किती सुंदर होती, आज उकडणार बहुतेक, असं काहीतरी बोलतो. हवेबद्दलच्या या दोन वाक्यांत आवाज कुठे जराही कापरा झाला असता तर सगळा प्रसंग रडका झाला असता. आणि अगदीच कोरा राहिला असता तर म्हातारा दगड वाटला असता. र्‍यूंचा आवाज रोजच्यापेक्षा किंचित हलका आहे, बस्स. ओझूंनी सांगितलेल्या गोष्टींत हा हलकेपणा नसणार. तो सांगता येत नाही.

तरीही या न रडण्याची दुसरी बाजू आहे आणि ती फारशी देखणी नाही. १९४२ च्या त्या चित्रपटात शाळेच्या सहलीत आशी तलावात एक विद्यार्थी बुडतो, आणि मास्तर असलेला बाप जबाबदारी मानून नोकरी सोडतो. पुढे तो पोराला वसतिगृहात ठेवून टोकियोला जायचं ठरवतो. पोरगा मुसमुसायला लागतो तेव्हा बाप त्याला रडू देत नाही. मुलगा मोठा होऊन शिक्षक होतो, नोकरी सोडून तुमच्याजवळ येऊन राहतो म्हणतो, तर बाप त्याला कर्तव्य समजावतो: आपल्या जागी आपलं काम करत राहा. युद्ध चालू होतं. प्रत्येकाने आपली जागा सोडू नये, हुंदका गिळावा, हे त्या वेळच्या सरकारला हवंच होतं. १९४४ मध्ये केइसुके किनोशितांच्या ‘आर्मी’त तर र्‍यू कडवा लष्करनिष्ठ बाप झाले. तोच आवाज, तीच ताठ मान, तोच संथपणा, पण इथे अंगावर काटा येतो. त्यातली आई, किनुयो तानाका, शेवटी युद्धावर निघालेल्या मुलाच्या मागे रस्त्याने धावत सुटते. बाप धावत नाही. र्‍यूंच्या ज्या स्थिरपणावर आपण जीव टाकतो, तो स्थिरपणा याही कामाला आलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून १९४९ चं सफरचंद विचित्र वाटतं. हार होऊन चार वर्षं झालीत. ज्या दिग्दर्शकाने सात वर्षांपूर्वी या नटाला मुलाचं रडू थांबवणारा बाप केलं, तोच त्याला आता सांगतोय, रड. आणि नटाला येत नाही.

ओझू १९६३ मध्ये गेले, आपल्या साठाव्या वाढदिवशी, १२ डिसेंबरला. र्‍यू त्यांच्याहून जेमतेम पाच महिन्यांनी लहान, आणि त्यांच्यामागे आणखी तीस वर्षं काम करत राहिले. या तीस वर्षांबद्दल लिहिणारे सहसा हात आखडता घेतात, आणि थोडं कारणही आहे. ‘भला म्हातारा’ हवा की र्‍यूंना बोलवायचं, अशी सवय दिग्दर्शकांना लागली. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या ‘रेड बिअर्ड’मध्ये ते नायकाचे वडील आहेत, येतात आणि जातात. कुरोसावांच्या चौकटीत वारा, पाऊस, धूळ, धावपळ. तिथे र्‍यू पाहुण्यासारखे बसलेले दिसतात. जुझो इतामींच्या ‘द फ्यूनरल’मध्ये मात्र ते अंत्यविधीला चक्क रोल्स-रॉइसमधून उतरणारे पुरोहित झाले, आणि आपल्या सात्त्विक चेहऱ्याची अशी थट्टा त्यांनी सरळ चेहऱ्यानेच होऊ दिली. योजी यामादांनी १९७० च्या ‘व्हेअर स्प्रिंग कम्स लेट’मध्ये त्यांना नागासाकीजवळच्या बेटापासून उत्तरेच्या होक्काइदोपर्यंत आगगाडीने जाणाऱ्या कुटुंबातला आजोबा केलं, ते काम ओझूंच्या कुठल्याही चित्रपटाशेजारी ठेवावं असं.

याच यामादांनी त्यांना घरोघरी पोचवलं. १९६९ मध्ये तोरा-सान या भटक्या फेरीवाल्याची विनोदी चित्रपटमालिका सुरू झाली, तेव्हा टोकियोच्या शिबामाता भागातल्या ताइशाकुतेन मंदिराचे मुख्य पुरोहित ‘गोझेन-सामा’ म्हणून र्‍यू आले. पहिल्याच भागात फोटो काढताना हसरा चेहरा यावा म्हणून ‘चीज’ म्हणायचं असतं, हे ऐकीव ज्ञान ते उलटं लक्षात ठेवतात आणि गंभीरपणे ‘बटर’ म्हणतात. ‘बटर’ म्हटल्यावर ओठ हसल्यासारखे होतच नाहीत, त्यातच विनोद आहे. वर्षाला एक-दोन भाग निघत राहिले आणि र्‍यू बहुतेक भागांत मंदिराच्या आवारात उभे राहून तोरा-सानबद्दल तक्रारीचा सुस्कारा सोडत राहिले, डिसेंबर १९९२ च्या पंचेचाळिसाव्या भागापर्यंत. मंदिराची गादी नाकारणाऱ्याला पडद्यावर ती अशी तेवीस वर्षं सांभाळावी लागली. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स १९८३ मध्ये ओझूंच्या खुणा शोधत टोकियोला आले, तेव्हा र्‍यूंना कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांनी ओझूंबद्दल विचारलं. नंतर किता-कामाकुराच्या एंगाकुजी मंदिरातल्या ओझूंच्या समाधीपाशी र्‍यू गेले. त्या दगडावर नाव नाही, ‘मू’ म्हणजे शून्य, अभाव, हे एकच अक्षर आहे. वाटेत बायकांनी र्‍यूंना ओळखलं, पण ते टीव्हीवर पाहिलेला माणूस म्हणून. ओझूंचा नट म्हणून नाही. र्‍यूंना त्यात वावगं काही वाटलेलं दिसत नाही.

वयाचा हिशेब मात्र शेवटपर्यंत चुकतच राहिला. १९९० च्या कुरोसावांच्या ‘ड्रीम्स’मध्ये, शेवटच्या स्वप्नातल्या पाणचक्क्यांच्या गावात, ओढ्याकाठी चक्कीची दुरुस्ती करत बसलेला म्हातारा एकशे तीन वर्षांचा आहे. चित्रीकरण झालं तेव्हा र्‍यू पंच्याऐंशीचे होते. म्हणजे तिथेही अठरा वर्षं उसनी! नव्व्याण्णव वर्षांच्या एका बाईची अंत्ययात्रा निघालीय, ती त्याचं पहिलं प्रेम होती, आणि हा म्हातारा अंगावर चांगला कपडा चढवून, घंटा वाजवत, नाचणाऱ्या मिरवणुकीत सामील होतो. इथे पायांत चक्क उड्या आहेत. कुरोसावांनी त्यांना रडायला सांगितलं नाही, नाचायला सांगितलं, आणि ते जमलं.

१६ मार्च १९९३ ला र्‍यू गेले. पुढच्या तीन तोरा-सान चित्रपटांत गोझेन-सामाची वस्त्रं दुसऱ्या कुणाला दिली नाहीत.

वय आणि भूमिका यांची गाठ पडली ती फार तर एकदा, १९६२ मध्ये. ‘अ‍ॅन ऑटम आफ्टरनून’, ओझूंचा शेवटचा चित्रपट. र्‍यू अठ्ठावन्न वर्षांचे आणि पात्रही त्याच वयाच्या आसपासचं. हिरायामा, युद्धातला नौदलाचा कप्तान, आता कंपनीत अधिकारी, बायको गेलेली. गोष्ट पुन्हा तीच, मुलीचं लग्न लावून बाप एकटा पडतो. मधल्या एका प्रसंगात तो जुन्या हाताखालच्या माणसाबरोबर बारमध्ये बसतो, तिथे रेकॉर्डवर युद्धनौकांचं संचलनगीत वाजतं, आणि तो माणूस मजेत सलाम ठोकत बारमध्ये फिरतो. हिरायामाही बसल्या जागेवरून सलाम करतो, पण ओशाळं हसत. वीस वर्षांपूर्वी हेच संगीत कशासाठी वाजत होतं ते दोघांना ठाऊक आहे.

लग्नाच्या रात्री हिरायामा पिऊन घरी येतो. धाकटा मुलगा झोपायला जातो. म्हातारा बसल्या बसल्या त्या संचलनगीताची एखादी ओळ अडखळत गुणगुणतो. आवाजात जोर नाही, शब्द अर्धवट. आपण एकटे उरलो, असं काहीतरी पुटपुटतो. ज्या गाण्यावर एका पिढीला न रडता मरायला शिकवलं गेलं, ते गाणं आता या गळ्यातून असं तुटक तुटक बाहेर येतंय. १९४९ मध्ये मागितलेला हंबरडा जर कुठे असेल तर तो इथे आहे, आणि रडणं म्हणून तो कुणी ओळखणार नाही. ओझू तेव्हा गप्प बसले ते पटलं म्हणून की हरले म्हणून, हे ठरवता येत नाही. एवढं दिसतं की तेरा वर्षांनी त्यांनी तीच रात्र पुन्हा मांडली आणि या वेळी नटाच्या हातात सोलायला काही दिलं नाही.

मग तो उठतो. लांब, अंधारलेल्या बोळाच्या टोकाला स्वयंपाकघराचा उजेड आहे, कॅमेरा जवळ जात नाही. तो किटलीतून ओतून घेतो, पितो आणि तिथल्याच खुर्चीवर बसतो, पाठ आणखी थोडी वाकवून.